इम्युनिटी म्हणजे गच्चीवरची टाकी नव्हे

गेल्या काही वर्षांत मराठी माणसाने सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात कमी विचार करून वापरलेला इंग्रजी शब्द कोणता, अशी स्पर्धा घेतली तर माझं मत ‘इम्युनिटी’ला. हिंजवडीत आमच्या पँट्रीमध्ये साखरेच्या शेजारी इम्युनिटीच्या चघळायच्या गोळ्यांची बरणी असते. रहिमतपूरला घरी गेलो की एसटी स्टँडजवळच्या दुकानात इम्युनिटीचा काढा, इम्युनिटीचा चहा आणि (खोटं नाही सांगत) इम्युनिटीची बिस्किटं. पुण्यातला पस्तीस लाखांचं पॅकेज असलेला आर्किटेक्ट आणि आमच्याकडचा आल्याचा शेतकरी, या दोघांचं एरवी कशावरही एकमत होणार नाही. पण इम्युनिटी वाढवली पाहिजे यावर दोघांचं झालंय.

माझं या वाक्याशी भांडण आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे भांडण डॉक्टरचं नाही. भांडण इंजिनिअरचं आहे. ‘इम्युनिटी वाढवा’ या दोन शब्दांमागे एक मॉडेल लपलंय, ते मॉडेल चुकीचं आहे, आणि ज्यांनी ते सगळ्यात आधी ओळखायला हवं होतं ते आपण कोड लिहिणारे लोकच ते फॉरवर्ड करत बसलोय.

मॉडेल कसलं? टाकीचं. आमच्या रहिमतपूरच्या घराच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी आहे. पाणी कमी झालं की मोटर लावायची, भरली की बंद करायची. भरलेली टाकी चांगली, रिकामी वाईट. सगळी माहिती एका आकड्यात मावते. लोकांच्या डोक्यात इम्युनिटी म्हणजे हेच. शरीरात कुठेतरी एक टाकी आहे, ती भरलेली असली की आजार बाहेर, रिकामी झाली की आजार आत. मग काढा म्हणजे मोटर. जितका वेळ लावाल तितकं चांगलं!

आता कोणी म्हणेल, साध्या माणसांना साधी उपमा लागते, त्यात एवढं चिडायचं काय? चिडायचं कारण पुढे सांगतो. आधी टाकी कुठे फुटते ते बघू.

कॉम्प्युटरवर प्रतिकारशक्तीचं सिम्युलेशन करणारे लोक नेमकं करतात काय? ते प्रतिकारशक्तीला एक आकडा मानत नाहीत. निरोगी पेशी किती, लागण झालेल्या किती, विषाणू किती, मारणाऱ्या पेशी किती, त्यांना थांबवणाऱ्या पेशी किती, असे वेगवेगळे आकडे धरतात. मग प्रत्येक आकडा दर तासाला कशामुळे वाढतो आणि कशामुळे घटतो याचे नियम लिहितात. मग घड्याळ सुरू करून बघत बसतात. कंट्रोल सिस्टीम्सचा पेपर ज्यांनी दिलाय (आणि एटीकेटी न लागता सोडवलाय) त्यांना यात नवीन काही नाही. हे फीडबॅक लूप आहेत. आणि लूप असलेल्या यंत्रणेत ‘वाढवा’ या आज्ञेला अर्थ नसतो. काय वाढवा? कधी वाढवा? वाढल्यावर थांबवणार कोण?

यातला सगळ्यात मोठा धडा एचआयव्हीने दिला. 1995 च्या आधी चित्र असं दिसायचं: संसर्ग झाला की सुरुवातीला ताप, आणि मग कित्येक वर्षं शांतता. रक्तातली विषाणूंची पातळी वर्षानुवर्षं जवळपास तेवढीच. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार, विषाणू झोपलाय. टाकीच्या मॉडेलप्रमाणे हेच बरोबर. पातळी हलत नाही म्हणजे आत काही चाललेलं नाही.

पण टाकीची पातळी दोन कारणांनी स्थिर राहू शकते. एक, इनलेट आणि आउटलेट दोन्ही बंद. दोन, दोन्ही फुल्ल चालू, सारख्याच वेगाने! बाहेरून फरक कळत नाही. आपल्याकडचा कुठलाही प्लंबर अशा वेळी काय करतो? इनलेट बंद करतो आणि पाणी किती वेगाने उतरतंय ते बघतो. न्यूयॉर्कचे डॉ. डेव्हिड हो आणि लॉस अलामॉसचे गणितज्ञ अॅलन पेरेलसन यांनी अगदी हेच केलं. नव्याने आलेलं औषध देऊन विषाणूची निर्मिती अचानक अडवली आणि रक्तातली पातळी कशी पडते ते मोजलं. मग समीकरणं त्या उतारावर बसवून पाहिली. 1996 साली ‘सायन्स’मध्ये आकडे आले. लागण झालेली, विषाणू तयार करणारी पेशी साधारण दोन दिवस जगते. सुटा विषाणू तर काही तासच. आणि शरीरात रोज किमान 1000 कोटी नवे विषाणू तयार होतात. रोज! जिथे शांतता वाटत होती तिथे वर्षानुवर्षं दिवसरात्र लढाई चालू होती.

यातून पुढचा हिशोब सुटला. रोज इतक्या प्रती निघत असतील आणि प्रत काढताना थोड्या चुका होत असतील, तर एका औषधाला दाद न देणारा विषाणू आज ना उद्या शरीरातच जन्माला येणार, नव्हे तो बहुधा आधीच असणार. एक औषध देऊन उपयोग नाही. पण तिन्ही औषधांना एकाच वेळी चुकवणारा विषाणू निघण्याची शक्यता फार म्हणजे फारच कमी. म्हणून तीन औषधं एकत्र. 1 एप्रिल 2004 ला भारत सरकारने एआरटीचा मोफत कार्यक्रम सुरू केला तो याच पायावर, आणि पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्या काळात पुणे-बंगळूर हायवेच्या कडेने, सांगली-साताऱ्यात, या रोगाने किती घरं बसवली ते आमच्याकडच्या कोणालाही विचारा. आज त्याच घरांतली माणसं गोळी घेऊन म्हातारी होतायत. या गोळीमागे प्रयोगशाळा आहेच, रुग्णांवरच्या चाचण्या आहेतच, पण एक समीकरणांची वहीसुद्धा आहे. ‘कॉम्प्युटरला काय कळतंय शरीरातलं’ म्हणणाऱ्यांनी हे एक उदाहरण लक्षात ठेवावं.

आता आपल्या धंद्याच्या जवळचं उदाहरण. 1992 साली आयबीएममधले पदार्थविज्ञानाचे फिलिप सायडन आणि इम्युनॉलॉजीचे फ्रँको चेलादा यांनी ‘इमसिम’ नावाचा प्रोग्रॅम केला. त्यातली कल्पना बघून मी खुर्चीतून उठलोच होतो. प्रत्येक पेशीचा रिसेप्टर म्हणजे बिट्सची एक छोटी ओळ. बाहेरून आलेल्या जंतूचा तुकडा म्हणजे तशीच एक ओळ. जिथे एकाचा शून्य तिथे दुसऱ्याचा एक, असं जितक्या जागी जुळेल तितकी पकड घट्ट. कुलूप-किल्ली आपल्या भाषेत! पेशी एका जाळीवर फिरतात, शेजारी भेटल्या की बिट्स जुळवून बघतात, जुळले की त्या पेशीच्या प्रती निघतात. शरीराच्या स्वतःच्याच तुकड्यांशी जुळणाऱ्या पेशी मात्र आधीच, थायमस नावाच्या ग्रंथीत, गाळल्या जातात. हे एवढंच लिहायचं.  पण तोच जंतू दुसऱ्यांदा सोडला की प्रतिसाद लवकर येतो आणि जोरात येतो, कारण जुळणाऱ्या पेशी आता जास्त आहेत.

इथे टाकी दुसऱ्यांदा फुटते. कारण या यंत्रणेत ‘एकूण इम्युनिटी’ असं काही नसतंच. गोवरचा पत्ता ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या, धनुर्वाताचा पत्ता ओळखणाऱ्या वेगळ्या. लस म्हणजे टाकीत पाणी ओतणं नव्हे, लस म्हणजे एक पत्ता शिकवणं. तेवढ्यापुरतं ‘वाढवलं’ म्हणता येतं, कारण काय वाढवलं ते मोजून दाखवता येतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या नरेंद्र दीक्षित यांच्या गटाने करोनाच्या लसींवर जे मॉडेल केलं (2022 साली छापून आलं) त्यात हेच आहे. माणसागणिक अँटीबॉडी वेगवेगळ्या असतात, तो फरक धरून लशीचा परिणाम किती पडेल याचं गणित, आणि ते प्रत्यक्ष चाचण्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिलेलं. बिस्किटाच्या पुड्यावर यातलं काय लिहिलेलं असतं?

पण मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण घरचं आहे, पुण्याचं. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. गणेशखिंडीतून आपण रोज जातो, आत काय चालतं कोणाला पत्ता नसतो. तिथल्या भास्कर साहा यांच्या गटाने काळा आजार पसरवणाऱ्या लीशमानिया या परजीवीवर बरंच काम केलं. हा परजीवी इतका बेरकी की जंतू गिळून मारणाऱ्या पेशीच्याच पोटात जाऊन राहतो. त्या पेशीवर सीडी-40 नावाचा एक स्विच असतो. साध्या बुद्धीला वाटेल, स्विच दाबला की पेशी चवताळते. या गटाने 2004 साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये दाखवलं ते असं: स्विच जोरात दाबला तर पेशी एका वाटेने संदेश पाठवते आणि परजीवीला मारायची तयारी होते. तोच स्विच हलका दाबला तर संदेश दुसऱ्या वाटेने जातो आणि पेशी उलट शांत होते, परजीवीचं फावतं. एकच स्विच, एकच पेशी, परिणाम उलटे! आणि दोन्ही वाटा एकमेकींना दाबत असतात. मग 2012 साली प्रयोगाच्या जोडीला कॉम्प्युटर मॉडेल घेऊन या वाटांची गुंतागुंत सोडवायचा प्रयत्न झाला, तोही छापून आलाय. कारण एकमेकांना दाबणाऱ्या दोन लूपचं काय होईल हे नुसतं डोक्यात करता येत नाही. आपण नाही का, दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकसाठी अडले की लॉग बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही?

आता हा स्विच घ्या आणि सांगा, ‘इम्युनिटी वाढवणारा’ पदार्थ तो हलका दाबतो की जोरात?

मीही मागे दोन शनिवार घालवून पायथनमध्ये एक खेळणं केलं. निरोगी पेशी, आजारी पेशी, विषाणू, मारेकरी पेशी आणि लगाम लावणाऱ्या पेशी. पाच आकडे, शंभरेक ओळींचा कोड. त्यात ‘हल्ल्याचा जोर’ नावाचा एक नॉब ठेवला, अगदी जाहिरातवाल्यांच्या सोयीचा. नॉब दुप्पट केला की विषाणू थोडा लवकर संपतो, हे खरं. पण निरोगी पेशी जास्त मरतात. लगाम ढिला केला तर विषाणू संपल्यावरही हल्ला चालूच राहतो. आणि सगळ्यात गंमत वेळेची. लगाम दुसऱ्या दिवशी ओढला तर विषाणू माजतो. तोच लगाम आठव्या-नवव्या दिवशी ओढला तर पेशी वाचतात. माझ्या आकड्यांना वैद्यकीय किंमत शून्य. मारेकऱ्यांच्या हल्ल्यात शेजारच्या निरोगी पेशी मरतात हे मीच गृहीत धरलेलं, म्हणजे निम्मं उत्तर मीच आत घातलेलं. पण ते गृहीतक कोडच्या एका ओळीत उघड लिहिलेलं आहे. कोणीही येऊन म्हणू शकतं, ही ओळ चूक आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खेळणं सोडा, खरं काय झालं ते बघा. 2020 च्या जूनमध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड, प्रतिकारशक्तीला लगाम घालणारं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर आलं. नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांत 26.2 वरून 23.3 वर. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात? तिथे फायदा नाही, आकडा उलट 14.0 वरून 17.8 वर गेला (हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा दिसला नाही हे नक्की). थोडक्यात काय, ज्या काळात अख्खा देश इम्युनिटी वाढवायला काढे उकळत होता, त्याच काळात अत्यवस्थ माणसांचा जीव वाचवणारं औषध इम्युनिटी दाबणारं होतं. तेही योग्य वेळी दिलं तरच. टाकीच्या मॉडेलमध्ये हे बसवून दाखवा!

2021 च्या जून-जुलैत सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात दुसरी लाट ओसरायचं नाव घेत नव्हती. तेव्हा हेच स्टेरॉइड घराघरांत, सुरुवातीच्या तापातच, कोणीही कोणालाही सांगून घेतलं जात होतं. त्यात मधुमेह असलेल्यांचे काळ्या बुरशीने काय हाल झाले ते आपण पाहिलंय. वाढवणंही टाकी आणि दाबणंही टाकी. वेळ आणि जागा कोणी विचारतच नाही.

आता चिडायचं कारण.

माझ्या आत्याला आमवात आहे, सांध्यांचा. या रोगात इम्युनिटी कमी नसते. उलट ती जागी आहे, जोरात आहे आणि चुकीच्या पत्त्यावर आहे, स्वतःच्याच सांध्यांवर. डॉक्टरांनी तिला आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी दिली होती, तिच्यावर तिचं छान चाललं होतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत कोणीतरी सांगितलं की ही गोळी इम्युनिटी कमी करते. सांगणारा खोटं बोलत नव्हता, हीच तर गंमत आहे. तिने परस्पर गोळी बंद केली आणि परसातल्या कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचा काढा सुरू केला. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, “आरं बाळा, त्या गोळीनं इम्युनिटी कमी हुतीया म्हनं. आसल्या दिसांत कशाला इषाची परीक्षा?” तिसऱ्या महिन्यात तिला लाटणं धरता येईना. गोळी परत सुरू झाली, सूज उतरली, पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. आता भाकरी थापायला सून लागते. ज्या बाईने पन्नास वर्षं जोंधळ्याच्या भाकरी केल्या तिला हे सांगताना ऐकवत नाही.

टाकीच्या हिशोबाने आत्याचं वागणं अगदी तर्कशुद्ध होतं. पाणी कमी करणारी तोटी बंद केली, मोटर लावली. चूक तिची नव्हती, मॉडेलची होती.

आणि ही एकट्या आत्याची गोष्ट नाही. मुंबईच्या यकृतविकार तज्ज्ञ डॉ. आभा नागरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मधले, इम्युनिटीसाठी गुळवेल घेतलेले आणि यकृताला सूज आलेले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखं चित्र तपासण्यांत दिसत होतं. त्यातली एक रुग्ण दगावली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की वनस्पती नीट ओळखलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. हरकत ऐकण्यासारखी आहे, सहा हा आकडाही लहान आहे. पण 2022 साली देशातल्या 13 केंद्रांनी मिळून 43 रुग्णांची नोंद छापली. यावरून गुळवेल सगळ्यांना विषारी आहे असं सिद्ध होत नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. लाखो लोकांनी घेतली, त्यांना काही झालं नाही. माझा मुद्दा वेगळाच आहे. जी गोष्ट खरोखर इम्युनिटीला हात लावते ती चुकीच्या माणसात उलटूही शकते. आणि जी कोणात कधीच उलटू शकत नाही ती बहुधा इम्युनिटीला हातच लावत नाही. ‘इम्युनिटी वाढवते आणि अजिबात साइड इफेक्ट नाही’ हे जाहिरातीतलं वाक्य स्वतःच स्वतःला खोटं पाडतं. आपले आजी-आजोबा ‘अति तिथे माती’ म्हणायचे, त्यांना फीडबॅक लूप आपल्यापेक्षा चांगला कळत होता.

इथपर्यंत वाचून आमच्यातले काही मित्र खूष झाले असतील. म्हणजे आता कॉम्प्युटरवर सगळं कळणार, प्रयोगशाळा बंद, उंदीर सुटले! थांबा. तुमच्याशीही भांडायचंय.

1905-06 च्या मुंबईच्या प्लेगची गोष्ट सांगतो. आमच्याकडे जुनी माणसं प्लेगात गाव सोडून माळावर खोपटी बांधून राहिल्याच्या गोष्टी सांगायची. त्या प्लेगचे मुंबई बेटावरचे दर आठवड्याचे मृत्यूंचे आकडे दोन स्कॉटिश माणसांनी वापरले. एक कर्मॅक, प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गेलेला. दुसरा मॅकेंड्रिक, हिंदुस्थानात सरकारी वैद्यकीय सेवेत नोकरी केलेला. 1927 सालचा त्यांचा पेपर हा साथीच्या सगळ्या गणितांचा आजोबा. निरोगी, आजारी, बरे झालेले, हे जे तीन डबे करोनाच्या काळात टीव्हीवर रोज दिसायचे ते तिथलेच. आणि माणसांच्या जागी पेशी ठेवल्या की शरीरातल्या संसर्गाची समीकरणं जवळपास तशीच येतात. माझ्या खेळण्यातसुद्धा तीच आहेत. म्हणजे आज संगणकावर चाललेल्या या सगळ्या खटाटोपाची एक मुळी मुंबईतल्या चाळींतल्या मृत्यूंच्या नोंदवहीत आहे.

त्या पेपरात मुंबईचे आकडे आणि समीकरणाची रेघ शेजारी छापलीय. काय सुंदर बसलीय ती रेघ! आपल्याकडे डेमोत असा आलेख दाखवला तर क्लायंट उठून टाळ्या वाजवेल. पण प्लेग तर उंदरांचा रोग. पिसवा तो माणसांत आणतात, शिवाय मुंबईतला प्लेग ऋतूप्रमाणे चढायचा-उतरायचा. यातलं काहीच त्या साध्या समीकरणात नीट नव्हतं, आणि पुढे इतरांनी त्यावर सविस्तर टीकाही केली. रेघ बसली म्हणजे कारण सापडलं असं नव्हे. हे प्रत्येक सिम्युलेशन करणाऱ्याने टेबलावर लिहून ठेवावं.

पण त्या दोघांचा मोठेपणा बघा. त्यांनी त्याच पानावर पाच गृहीतकं क्रमांक घालून लिहिली (उंदरांबद्दल, पिसवांबद्दल, सगळंच), आणि पुढे सांगून टाकलं की यातलं एकही काटेकोरपणे पाळलं जात नाही, त्यामुळे हा आकडा फार ढोबळ समजावा. 1927 साली! आणि आपण? 2020 नंतर एका साच्यातून काढल्यासारख्या शोधनिबंधांचा पूर आला. कॉम्प्युटरवर लशीचं डिझाइन करायचं, तयार सर्व्हरवर डिफॉल्ट आकडे तसेच ठेवून प्रतिकारशक्तीचं सिम्युलेशन चालवायचं, अँटीबॉडीचा वर चढणारा रंगीत आलेख चिकटवायचा, ‘आशादायक लस’ असा निष्कर्ष काढायचा. त्यातले बरेचसे प्रयोगशाळेचं दार न बघता कागदावरच राहिले. डिफॉल्ट कॉन्फिगरेशनवर टेस्ट पास झाली म्हणून कोणी प्रॉडक्शनला कोड ढकलला तर आपण त्याला काय म्हणतो? मग इथे का गप्प? साधन वाईट नाही, ज्यांनी ते बनवलं त्यांनी मेहनतीने बनवलंय. पण मोजमापाशी ताडून न बघितलेलं सिम्युलेशन आणि इम्युनिटीचं बिस्किट यांत मला फक्त पॅकिंगचा फरक दिसतो.

हो-पेरेलसन जिंकले कारण त्यांनी रक्त मोजलं. पुण्याच्या मॉडेलला वजन आहे कारण शेजारच्या टेबलावर पेशी होत्या. सिम्युलेशनची खरी किंमत भविष्य सांगण्यात नाही. ते तुमच्याकडून गृहीतकं लिहून घेतं, आणि लिहिलेलं गृहीतक खोडता येतं. ‘इम्युनिटी वाढवा’मधलं गृहीतक कोणी लिहीतच नाही, म्हणून ते खोडताही येत नाही. ते नुसतं पसरतं.

तेव्हा मंडळी, मागणं फार मोठं नाही. पुढच्या वेळी कोणी इम्युनिटी वाढवायला सांगितलं, मग तो सेल्समन असो, योगा क्लासचा ग्रुप असो नाहीतर आपला स्वतःचा मॅनेजर असो, तीन प्रश्न विचारा. कुठला भाग वाढणार? कधी वाढणार? आणि वाढल्यावर थांबवणार कोण? उत्तर नसेल तर पैसे खिशात ठेवा. नीट झोप, वेळेवर जेवण, ठरलेल्या लसी, साखर ताब्यात, सिगरेट बंद. हे सगळं कंटाळवाणं आहे, म्हणून त्याची बरणी पँट्रीत कोणी ठेवत नाही.

आणि घरात कोणाला आमवात असेल, कोणाची किडनी बदललेली असेल, कोणी स्टेरॉइडवर असेल, तर या रविवारी घरी फोन करा. इम्युनिटीच्या नावाखाली कुठली गोळी परस्पर बंद झालीय का, कुठला काढा परस्पर सुरू झालाय का, एवढंच विचारा. झालं असेल तर त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा. फॉरवर्ड करायला दोन सेकंद लागतात, या फोनला दहा मिनिटं लागतील. तेवढी काढा.